अंगठ्यापुरतं वाचन

माझ्या हातातून पहिल्यांदा पुस्तक पडलं तेव्हा मला वाटलं, डुलकी लागली असेल. रविवारची दुपार होती, जेवण झालेलं होतं आणि पुस्तक जाड होतं. वाकून उचललं, पान शोधलं, पुढे वाचू लागलो. दहा मिनिटांनी ते परत पडलं. या वेळी मी पूर्ण जागा होतो. डाव्या हाताची बोटं उघडलेली दिसत होती आणि ती मी उघडलेली नव्हती.

माझी बायको शैला स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, काय पाडलंत?"

"काही नाही. पुस्तक."

"मग ठीक आहे."

पुस्तक पडून फुटत नाही, असा तिचा हिशेब. दोन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आता मला दोन्ही हात उचलता येत नाहीत. हा मजकूर मी बोलतो आणि मिलिंद नावाचा माझा तरुण मित्र दर शनिवारी येऊन टाइप करतो. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी मागितला. म्हणाले, असं आजारपण दुसऱ्या कुणावर आलं तर त्याला उपयोग होईल असं लिहा. बरं होण्याबद्दल मला काही सांगता येणार नाही, कारण या आजारातून कुणी बरं होत नाही. यात वाचन कसं चालू ठेवता येतं आणि कुठवर, एवढंच मी सांगू शकतो.

*

वाचनाचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. म्हणून आधी थोडं मागचं.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे वडील सायकलदुरुस्तीचं दुकान चालवायचे. त्यांना सही करता यायची, वाचता यायचं नाही. घरात कॅलेंडर सोडून छापलेला कागद नव्हता. शाळेत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट, कायम कुलपात. मी सातवीत असताना पाठक सरांनी त्याची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "रोज एक ने, रोज एक परत आण. एक पान जरी दुमडलेलं दिसलं तर किल्ली काढून घेईन." दहावी होईपर्यंत मी ते कपाट दोनदा संपवलं. वडील दुकानातून आले की विचारायचे, "आज किती पानं झाली रे?" आकडा मोठा असला की खूश व्हायचे.

आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. मग इंजिनिअरिंगची नोकरी, मग अमेरिकेत ॲन आर्बरला मास्टर्स, मग इथेच काम, घर, मुलगी. हे सगळं त्या किल्लीमुळे, असं मी मानतो. सर आता नाहीत. त्यांना हे कधी नीट सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मंडळाचं वाचनालय गेली बारा वर्षं आमच्या बेसमेंटमध्ये आहे. कुणी भारतात निघालं की मी फोन करायचो, "परत येताना बॅगेत दोन पुस्तकांची जागा ठेवा." पुस्तकं यायची ती पापडांच्या पाकिटांच्या मध्ये, साड्यांच्या घडीत, एखादं लोणच्याच्या तेलाचा डाग घेऊन. प्रत्येकाला मी खाकी कव्हर घालायचो. पान दुमडून परत करणाऱ्याला मी बोलून दाखवायचो, आणि त्यामुळे काही लोक माझ्याकडे येईनासे झाले, हेही खरं आहे.

*

निदान झालं तो दिवस फेब्रुवारीतला. बाहेर रस्त्याच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग. त्याआधी चार महिने मानेचा मणका, मधुमेह, विटॅमिन असं सगळं शोधून झालं होतं. त्या दिवशी स्नायूंमध्ये सुया टोचून तपासणी केली आणि आम्हाला एका खोलीत बसवलं. डॉक्टरबाई आल्या आणि खुर्ची ओढून माझ्या गुडघ्यांजवळ बसल्या. तेव्हाच मला कळलं. चांगली बातमी डॉक्टर उभ्यानेच सांगतात.

मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी हात किंवा पाय, मग जीभ, गिळणं, शेवटी श्वास. डोकं शाबूत राहतं. याला औषध आहे पण ते फक्त थोडा वेळ लांबवतं. किती वेळ, तो आकडा त्यांनी सांगितला. मी इथे देत नाही. ज्याला हवा असेल तो स्वतः विचारेल.

मी विचारलं, "आणि डोळे?"

"डोळे बहुतेकांचे शेवटपर्यंत टिकतात."

"म्हणजे वाचता येईल."

त्या म्हणाल्या, "येईल. पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी धरावं लागेल."

शैलाचं इंग्रजी चांगलं आहे, पण त्या दिवशी तिला काही ऐकूच गेलं नव्हतं. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "डोळ्यांचं काय म्हणत होतात तुम्ही? डोळ्यांनाही काही झालंय का?"

"नाही. डोळे ठीक आहेत."

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि रडायला लागली. घरी जाताना आम्ही भाजी घ्यायला थांबलो, कारण यादी तिच्या पर्समध्ये होती. संध्याकाळी तिने दोन जुड्या मेथी निवडली आणि भाजी करायची विसरली.

*

ज्यांना हा आजार होईल त्यांना हॉस्पिटलचा शिरस्ता सांगतो. दर तीन महिन्यांनी जावं लागतं. तुम्ही एका खोलीत बसून राहता आणि माणसं तुमच्याकडे येतात. आधी एकजण नळीत फुंकायला लावतो आणि "आणखी, आणखी, आणखी" असं ओरडत राहतो, जणू काही तुम्ही शर्यतीत धावताय. मग आहारवाली, मग बोलणं तपासणारी, मग पायांची, मग हातांची. प्रत्येकजण मागच्या वेळचा कागद समोर धरून आजचा आकडा लिहितो. आजचा आकडा नेहमी लहान असतो. माणसं मात्र फार चांगली असतात. हातांची थेरपिस्ट एक ठेंगणी, हसरी बाई आहे. ती पहिल्या भेटीतच म्हणाली, "तुम्हाला कुठली गोष्ट सोडवत नाही ते सांगा. आपण तिच्यापासून सुरुवात करू." लोक सांगतात जेवण, दाढी, लॅपटॉप. मी सांगितलं, पुस्तक.

तिने खूप खटपट केली. लाकडी स्टँड दिला, पण जाड पुस्तक त्यात उघडं राहीना. रबराचं टोक असलेली काठी दिली, तिने एकाच वेळी तीन पानं उलटायची. त्या उन्हाळ्यात माझा डावा हात पूर्ण गेला, थंडीपर्यंत उजवाही कोपरापासून वर उठेना. मग पानं उलटायला शैला बसू लागली.

इथे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. त्या थंडीत आम्ही दोघं एकमेकांना जितके बोललो तितके बावीस वर्षांत बोललो नव्हतो. वाचन ही एकट्याने करायची गोष्ट आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं. श्वास घ्यायला एकटेपणा लागतो का, असं कुणी विचारत नाही, तसंच हे.

"झालं?"

"नाही."

"अजून नाही?"

"शैला, सारखं विचारू नकोस. झालं की मी हं म्हणेन."

ती पान उलटायची.

"अगं, हे काय केलंस?"

"हं म्हणालात ना आत्ता."

"तो खोकला होता."

"मग खोकण्याच्या आधी सांगत जा, खोकतोय म्हणून."

कधी हसू यायचं, बऱ्याचदा नाही. तिचा एक कान कुकरकडे, एक फोनकडे. मी एखाद्या ओळीवर थांबलो की तिला वाटायचं, मला त्रास होतोय. मला मागचं पान परत बघायचं असलं तर मी मागायचो नाही. ती सकाळपासून मला उठवत, धूत, भरवत असायची, आणि वर हे. शेवटी मी म्हणू लागलो की डोळे दुखतात, आज नको. डोळे अजिबात दुखत नव्हते. मी टीव्ही बघू लागलो. दिवसभर हवामानाचा चॅनल.

*

आमची मुलगी ईशा दुसऱ्या गावी कॉलेजात शिकते. मार्चच्या सुट्टीत ती आणि मिलिंद मिळून पुस्तकं वाचायचं एक यंत्र घेऊन आले. पाटीएवढं, पांढरं, मध्ये करडा पडदा. मिलिंद नागपूरचा, माझ्याच ऑफिसात होता, मला काका म्हणतो.

मी म्हणालो, "हे पुस्तक नाही. हा कॅल्क्युलेटर आहे."

"काका, यार, एक आठवडा वापरून तर बघा."

"बारा वर्षं मी पुस्तकांना कव्हरं घातली. याला काय घालू?"

ईशा म्हणाली, "बाबा, जस्ट ट्राय इट. यू कॅन हेट इट लेटर."

"आणि याला वास कसला येतो, प्लॅस्टिकचा?"

"तुम्हाला वास घ्यायचाय की वाचायचंय?" शैला मागून म्हणाली. तिने तोवर एका छोट्या कापडी पिशवीत तांदूळ भरून ती शिवून टाकली होती. ती पिशवी चाकाच्या खुर्चीच्या ट्रेवर ठेवली आणि तिच्यावर ते यंत्र कलतं करून टेकवलं. माझा उजवा हात उचलून त्याच्या कडेशी ठेवला.

यंत्राच्या दोन्ही कडांना पान उलटण्याची लांबच लांब पट्टी होती. मिलिंद सांगत होता की सगळे लोक तिच्याबद्दल तक्रार करतात, नुसता हात लागला तरी पान उलटतं. माझ्या उजव्या अंगठ्यात नुसता हात लावण्याएवढाच जोर उरला होता. मी दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुढचं पान आलं.

मी परत दाबलं.

मिलिंदने एक इंग्रजी कादंबरी घातली होती. अक्षर मोठं करून दिलं. पंख्याने पान उडत नव्हतं, मधली घडी नव्हती, पुस्तक मिटत नव्हतं. चौथ्या पानावर मला मागचं काहीतरी परत बघावंसं वाटलं, तर त्याच पट्टीखालचं बटण दाबून मागे गेलो. कुणालाही विचारलं नाही. एका ओळीवर मी मुद्दाम पाच मिनिटं थांबलो. कुणीही विचारलं नाही, झालं का म्हणून.

दुपारी दोनला सुरू केलं ते साडेचारला भान आलं. घरात कुणी नव्हतं. ईशा आणि मिलिंद कधी बाहेर पडले ते कळलंही नव्हतं. शैला कोट घालून फिरायला गेली होती. त्या अख्ख्या थंडीत ती पहिल्यांदाच मला सोडून बाहेर पडली असावी. परत आली तेव्हा थंडीने तिचे गाल लाल झाले होते. म्हणाली, "नदीपर्यंत गेले होते. किती पानं झाली?"

तिला माझ्या वडिलांचं माहीत होतं म्हणून तिने तसं विचारलं, की सहज, ते मी विचारलं नाही.

पुढचे दोन महिने मी जितकं वाचलं तितकं कधी वाचलं नसेल. त्या यंत्रातूनच पुस्तकांच्या दुकानात जाता यायचं. पडल्या पडल्या पुस्तक निवडायचं, मिनिटात ते हातात. नुसतं पहिलं प्रकरण फुकट वाचायला मिळायचं. मी चाळीसेक पुस्तकांची पहिली प्रकरणं वाचली, केवळ वाचता येतात म्हणून. शब्द अडला की अर्थ तिथेच. ज्या मुलाने एका कपाटावर चार वर्षं काढली त्याला याहून मोठं सुख काय सांगू. कागदाचा वास, स्पर्श, या गोष्टींवर मी मंडळात भाषण केलेलं आहे. ते मी परत घेतो. हात धड असताना केलेलं भाषण होतं ते.

मे महिन्यात मी हातांच्या थेरपिस्टला विचारलं, "हा अंगठा किती दिवस राहील?"

तिने अंगठा तिच्या बोटाने दाबून बघितला. "हट्टी आहे. उन्हाळा काढेल असं वाटतं. पुढचं मी सांगू शकत नाही."

म्हणजे एक उन्हाळा. घरी येताना मी ठरवलं की आता इंग्रजी पुरे.

*

पण त्या यंत्राला मराठी येत नव्हतं. देवनागरी अक्षराच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. मिलिंदने उपाय काढला. पुस्तकाचं प्रत्येक पान स्कॅन करायचं आणि चित्र म्हणून यंत्रात घालायचं. पडदा लहान, त्यामुळे एका पानाचे वरचा आणि खालचा असे दोन तुकडे. एका पानाला अंगठ्याचे दोन दाब.

"फक्त एक प्रॉब्लेम आहे, काका. एकेक पान काचेवर ठेवत बसलो तर वर्ष लागेल. कागद आपोआप आत ओढणारं मशीन मी आणतो, पण त्याला सुटे कागद लागतात."

"म्हणजे?"

"म्हणजे पुस्तकाचा कणा कापावा लागेल."

मंडळाच्या पुस्तकाला हात लावायचा नाही, हे मी आधी सांगून टाकलं. ती लोकांनी बॅगेतून आणलेली आहेत. माझी स्वतःची अशी अकरा मराठी पुस्तकं होती. ती बेसमेंटमधून वर आणली. मिलिंदने पहिलं पुस्तक कटरखाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ईशा म्हणाली, "बाबा, आर यू ओके? वी डोंट हॅव टू."

"काप."

कचकन आवाज झाला. एवढंच. पान दुमडू नये म्हणून ज्याने माणसं तोडली त्याने ते पाहिलं आणि काही झालं नाही. तासाभरात त्याचं पहिलं पान पडद्यावर आलं. पिवळा पडलेला कागद करडा दिसत होता, आणि समासात कॉलेजात असताना मी पेन्सिलीने केलेली बारीक फुली होती. मी मराठीत वाचत होतो, आणि एकटा.

मिलिंद शनिवारी कापून जायचा आणि आठवडाभर दुपारी शैला मशीनमध्ये कागद घालायची. तिने कॉमर्स केलंय, वाचनाची आवड तिला कधीच नव्हती. पण कागद घालता घालता तिची नजर पडायची. एक-दोनदा मी तिला विचारलं, "आज आवाज का थांबला मशीनचा?"

"थांबा हो. या बाईचं लग्न होतंय का ते बघते."

*

जुलैच्या तपासणीला श्वासाचा आकडा फार खाली आला. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी परत खुर्ची ओढली. पुढे श्वास पुरेनासा झाला की गळ्याला छिद्र पाडून मशीन लावता येतं. त्यावर माणूस बराच काळ राहू शकतो. हवंय का, ते आताच ठरवून ठेवलेलं बरं.

मी म्हणालो, "नको."

शैला उठून खोलीबाहेर गेली. घरी येईपर्यंत आणि आल्यावरही तिने तो विषय काढू दिला नाही. मी सुरुवात केली की ती म्हणायची, "आधी जेवून घ्या." जेवल्यावर म्हणायची, "आत्ताच जेवलाय."

त्याच आठवड्यात अकरातलं शेवटचं, सगळ्यात जाड पुस्तक मशीनवर होतं. एका लहान गावातल्या मास्तरांची गोष्ट. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत, चारशे पानांची. नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेली. मी ती मुद्दाम शेवटी ठेवली होती.

वाचता वाचता तीनशे बारा पानाच्या खालच्या तुकड्यानंतर पुढे गेलो, तर तीनशे एकवीस आलं. तीनशे बारावर मास्तर अंथरुणाला खिळलेले. तीनशे एकवीसवर त्यांचा मुलगा गावातलं घर आवरतोय. मी म्हणालो, "शैला, मशीनने पानं गिळली वाटतं."

"गिळली असतील," ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली.

शनिवारी मिलिंदला विचारलं. "होतं तसं कधी कधी. दोन कागद चिकटून जातात," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "पण सलग चार नाही जात, काका." मग त्याने शैलाकडे पाहिलं आणि त्याला एकदम घरी काहीतरी काम आठवलं.

तो गेल्यावर मी म्हणालो, "कुठे आहेत ती पानं?"

"कुठली?"

"मास्तर जातात ती."

ती वळली. "तुम्हाला कसं माहीत त्यात काय आहे?"

"मी तीनदा वाचलंय ते पुस्तक."

ती खुर्चीत बसली. "माझ्या डोक्यातच आलं नाही," ती म्हणाली. "मी पहिल्यांदाच वाचत होते ना. मला वाटलं, ते आत्ताच घडतंय."

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. बसलो नाही.

ती म्हणत होती, "त्यांना श्वास पुरत नाही त्यात. चार-पाच पानं नुसता श्वासच पुरत नाही. ते मी तुमच्यासमोर आणून ठेवायचं?"

मी म्हणालो, "मी कधी आंघोळ करायची, कुठल्या कुशीवर झोपायचं, काय गिळायचं, सगळं तू ठरवतेस. वाचायचं काय ते तरी मला ठरवू दे. एवढीच एक गोष्ट माझी आहे. त्यातही तू कात्री घेऊन आलीस."

ती उठून बेसमेंटमध्ये गेली. माझी खुर्ची जिन्याने खाली जात नाही, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. पुढचे काही दिवस ती मला उठवायची, धुवायची, भरवायची आणि कामापुरतं बोलायची. मी मागितलेली माफी तिने ऐकून घेतली. पानांचं कुणीच काढलं नाही.

*

थेरपिस्टचा अंदाज बरोबर निघाला. ऑगस्टच्या शेवटी पट्टीवर अंगठा दाबला की पडदा काळा होईना. चार वेळा दाबावं तेव्हा एकदा पान उलटायचं. मग अंगठ्याच्या हाडाने दाबून पाहिलं, मग तळहाताच्या कडेने. एक दिवस अंगठा पट्टीवर ठेवलेला होता आणि मी त्याला दाब म्हणत होतो, आणि तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा पडून होता.

तोंडात धरून पट्टी दाबायची एक काडी मिळते. ज्यांना हे वाचून उपयोग करायचा असेल त्यांनी ती लवकर मागून घ्यावी, मान धड आहे तोवर. मला उशीर झाला. माझी मान पंधरा मिनिटांत पडते आणि काडीमुळे लाळ आवरत नाही. नुसत्या नजरेने चालणारी यंत्रं येतायत म्हणतात. येतील. माझ्या वेळेत येतील असं मला वाटत नाही, आणि मला तसं वाटावं म्हणून जो प्रयत्न करतो त्याच्याशी बोलून मी दमतो.

मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने मी एकटा वाचू शकलो. ते सुख मला मिळालं. आता ते संपलं आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये मला काही समजूत घालता येत नाही.

*

सप्टेंबरमधल्या एका दुपारी शैला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात प्लॅस्टिकची फाइल. त्यात ईशाची शाळेची प्रगतिपुस्तकं असतात. तिने त्यातून चार सुटे कागद काढले.

"फेकली नव्हती," ती म्हणाली. "स्कॅन करून देऊ?"

"दाबणार कोण?"

"हो, तेही खरंच." तिने कागद सारखे केले. "वाचून दाखवू?"

"नको. तुला रडू येईल, मग मी ऐकणार नाही, तुझ्याकडेच बघत बसेन."

"मग?"

"तू नुसती धर. पण इकडे बघू नकोस. ना कागदाकडे, ना माझ्याकडे."

ती खुर्ची घेऊन समोर बसली. पहिला कागद दोन्ही हातांत घेऊन माझ्या डोळ्यांच्या उंचीवर धरला आणि तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर शेजाऱ्यांच्या मेपलच्या झाडाच्या पानांचा रंग बदलायला लागला होता. मी वाचू लागलो.

तरुणपणी मला ही पानं पुस्तकातली सगळ्यात सुंदर वाटायची. आताही वाक्यं सुंदरच होती. पण मास्तर शेवटी मुलाला जवळ बोलावतात आणि दोन लांबलचक वाक्यं बोलतात, आयुष्याबद्दल. ज्याचा श्वास संपत आलाय तो असं बोलत नाही. तो पाणी म्हणतो, किंवा खिडकी म्हणतो, आणि तेवढ्यासाठीही आधी थांबून हवा गोळा करतो. लेखकाला ते माहीत नव्हतं. बाहेर उभं राहून लिहिलंय. मला राग नाही आला. मला फक्त कळलं की आता माझ्या पुढच्या जागेबद्दल कुठल्याच पुस्तकात काही नाही.

शैलाला हे मी नंतर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी उगाचच घाबरले."

"नाही. तू बरोबर घाबरलीस. त्यांनी कमी लिहिलंय."

त्या संध्याकाळी मी गळ्याच्या मशीनचा विषय काढला तेव्हा तिने जेवणाचं नाव काढलं नाही. ती ऐकत बसली.

तर ती दुपार. मी एक बाजू वाचून झाली की हं म्हणत होतो आणि ती न बघता कागद उलटत होती. माझी नजर हल्ली लवकर थकते आणि काही ओळी मी परत परत वाचत होतो. पाऊण तास झाला असेल. शेवटच्या कागदावर ओळी हलायला लागल्या. तिचे हात थरथरत होते. कोपरांना कशाचाच टेकू नव्हता.

मी म्हणालो, "झालं."

"खरंच झालं?" तिने खिडकीकडे बघतच विचारलं. "की माझे हात दुखतायत म्हणून म्हणताय?"

मागची बाजू राहिली होती. मी तसं सांगितलं. तिने हात खाली घेऊन एकदा झटकले, कागद उलटला, आणि परत वर धरला.